चोवीस अंड्यांचं उबवणी यंत्र: तीन खेपांनंतरचा हिशेब

आधी तारे देऊन मोकळी होते. पाचपैकी साडेतीन. पहिल्या खेपेनंतर कोणी विचारलं असतं तर एकच दिला असता, तोही पंखा आवाज करत नाही म्हणून.

यंत्र असं आहे: पारदर्शक झाकण, झाकणातच पंखा आणि तापणारी तार, खाली पांढरा प्लास्टिकचा तळ, तळात पाण्याच्या दोन पन्हळी आणि त्यावर सरकणारी जाळी. ही जाळी दर दोन तासांनी मागेपुढे होते आणि अंडी आपोआप कूस बदलतात. पुढच्या बाजूला तापमान आणि आर्द्रता दाखवणारे हिरवे आकडे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२४ अंडी' असं छापलेलं. आमच्या कोंबड्यांची २२ बसतात, तीही शेवटची दोन खांदे आवळून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ह्याच साच्यातली यंत्रं वेगवेगळी लेबलं लावून विकली जातात. माझ्या मैत्रिणीकडचं यंत्र भलत्याच नावाचं आहे आणि आमची झाकणं एकमेकींच्या यंत्रांवर चपखल बसतात.

मी हिशेब तपासण्याचं काम करते. शेत हौसेचं आहे, पोट त्याच्यावर नाही. चौदा कोंबड्या, एक कोंबडा, तीन बदकं, दोन शेळ्या आणि एक कुत्रा, ज्याला राखण करणं म्हणजे काय ते अजून उमगलेलं नाही. घरात नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. आई शेळीची धार आणि देवाची प्रार्थना ह्या दोन वेळा कधी चुकवत नाहीत. मीही देवाला मानते, पण कामाची सवय असेल, मला पावती लागते.

यंत्राची गरज पडली ती तांबडीमुळे. आमच्याकडे खुडूक होणारी, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसणारी, कोंबडी ती एकटीच. बाकीच्या भरपूर अंडी देणाऱ्या जातीच्या, आणि खुडूक झाली की कोंबडी अंडी थांबवते म्हणून अशा जातींमधून रवणीला बसायची ओढच पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकलेली असते. तांबडीखाली दहा अंडी ठेवली. पंधराव्या दिवशी ती उठली, अंग झाडलं आणि माती उकरायला निघून गेली. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात. सहा उरले होते. आम्ही तिला अंधारात ठेवलं, डालग्याखाली झाकलं, मुलांनी तिच्यासमोर बसून समजूत काढली. नाही म्हणजे नाही. दहाही अंडी गेली. मुलीने दोन दिवस तांबडीशी अबोला धरला, तांबडीला ते कळलं नाही.

आईंना यंत्र पसंत नव्हतं. "आई नसलेलं घर झालं ते," एवढंच म्हणाल्या. पण अडवलं नाही.

आता ठेवायचं कुठे, हा पहिला प्रश्न. पुस्तिकेत लिहिलं होतं की वारा नको, ऊन नको, खोलीचं तापमान फार खालीवर होता कामा नये. पुस्तिकेतलं हे एकच वाक्य नीट समजेल असं छापलंय, आणि ते खरंही आहे. आमच्या घरात अशी खोली एकच, आम्ही संध्याकाळी जिथे प्रार्थनेला बसतो ती. त्यामुळे यंत्र तिथे गेलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथेच घडलं.

पहिली खेप. अंडी निवडताना आम्ही कुठेही चुकलो नाही, हे आधी सांगते. सात दिवसांपेक्षा जुनी नकोत म्हणून रोज तारीख टाकून गोळा केली, निमुळतं टोक खाली ठेवून थंड जागी साठवली, आणि धुतली नाहीत. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत जाऊ नयेत म्हणून. धुतलं की तो जातो. मळलेली अंडी सरळ बाजूला काढली. यंत्र रिकामंच एक दिवस चालवून पाहिलं. आकडा ३७.७ अंश सेल्सिअसवर येऊन थांबला. पंख्याच्या यंत्राला साधारण ३७.५ लागतं. दोन दशांशांनी काय होतंय, असं म्हणून मी खूष झाले. अंडी ठेवली.

सातव्या रात्री अंडी उजेडावर धरून बघितली. यंत्रात ह्यासाठी एक छोटा दिवा दिलाय, तो काजव्याच्या लायकीचा आहे, त्याचा नाद सोडा. मोबाइलचा टॉर्च घ्या, पुठ्ठ्याची नळी करून त्याच्या तोंडाशी अंडं टेकवा, आणि खोलीत ठार अंधार करा. पहिलं अंडं नुसतंच पिवळं, उजळ, रिकामं. दुसऱ्यात लाल शिरांचं जाळं, कोळ्याने विणल्यासारखं, आणि मधोमध एक काळा ठिपका. ठिपका हलला.

मुलगा ओरडला. मुलगी त्याच्यावर ओरडली. नवऱ्याने अंडं माझ्या हातातून घेतलं आणि मला परत द्यायलाच तयार नव्हता. आई दाराशी उभ्या होत्या, "चालू द्या तुमचं" ह्या मुद्रेने. दोन अंड्यांनंतर त्या आत आल्या. पाच अंड्यांनंतर स्टुलावर बसल्या. बाविसाव्या अंड्यानंतर म्हणाल्या, "पहिल्यापासून दाखव." २२ पैकी १७ जिवंत होती. कोंबडीखाली अंडी बसवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाईंनी सत्तरीत पहिल्यांदा आत काय चालतं ते पाहिलं. पिल्लाचं हृदय दुसऱ्या दिवशीच धडधडायला लागतं हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग आपण पाच दिवस त्याला अंडं म्हणत होतो."

त्या दिवसापासून मुलाच्या प्रार्थनेत अंडी आली. "देवा, पहिल्या रांगेतलं तिसरं, आणि कोपऱ्यातलं मोठं." आम्ही सगळ्या अंड्यांवर शिसपेन्सिलीने आकडे घातले होते, त्यामुळे यादी लांबली. मुलगी हसायची, पण तिचाही एक आकडा होता. चौदा. तिने सांगितला नव्हता, मला उजेडावर बघताना कळलं, कारण ते अंडं ती सगळ्यात जास्त वेळ धरायची.

दहाव्या दिवशी मी पाणी भरत होते, तेव्हा आईंनी एक अंडं उचललं, डोळा मिटला आणि पापणीला लावलं. "गार लागतंय गं."

"अहो आई, ३७.७ आहे. दिसतंय ना समोर."

"आकडा दिसतोय. अंडं गार लागतंय."

मी आकड्याच्या बाजूने गेले. बावीस वर्षं आकड्यांच्या बाजूने जाऊन पोट भरलंय, दुसरं काय करणार होते?

अठराव्या दिवशी जाळी थांबवायची, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची आणि मग झाकण उघडायचं नाही. आतलं पिल्लू बाहेर यायच्या तयारीत वळत असतं, आणि ह्या दिवसांत झाकण उघडलं की कोंडलेली दमट हवा भस्सकन निघून जाते. कवचाच्या आतला पडदा सुकून पिल्लाला घट्ट चिकटतो आणि त्याला वळता येत नाही. तीन दिवस नुसतं बघायचं. पारदर्शक झाकणाचे पैसे इथे वसूल होतात. पण बघण्यासारखं काही नसतं, हा त्यातला छळ. १७ अंडी, हिरवे आकडे आणि गपगुमान फिरणारा पंखा. विसाव्या दिवशी मुलाने झाकणाला कान लावून विचारलं, "देवाला आतलं दिसतं ना?" आई म्हणाल्या, "त्याला दिसतं म्हणून तर आपण उघडायचं नाही."

एकविसावा दिवस गेला. काही नाही. बाविसावा दिवस. काही नाही. नवरा हळूच म्हणाला, "मुलं शाळेत असताना बंद करू या का?" मी हो म्हणाले होते, खोटं कशाला बोलू? ठरलं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी.

बाविसाव्या संध्याकाळी प्रार्थनेच्या शेवटी आम्ही थोडा वेळ गप्प बसतो. त्या वेळात आवाज आला. बारीक, दूरून आल्यासारखा. मला वाटलं बाहेर चिमणी आहे. मुलीचे डोळे उघडले. परत आवाज. यंत्रातून! एकाही अंड्याला चीर नव्हती.

पिल्लू आधी आतला पडदा फोडून बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, तिथे पहिला श्वास घेतं, आणि तिथूनच ओरडायला लागतं. कवचाला भोक त्यानंतर, काही तासांनी. हे मला नंतर वाचून कळलं. त्या वेळी आम्ही पाचही जण जमिनीवर ओणवे होतो आणि 'आमेन'सारखं काय म्हणायचं ते कोणालाच आठवत नव्हतं.

तेविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. सहावं चौदा नंबरचं. त्याने भोक पाडलं, चोचीवरचा कवच फोडायचा छोटा दात बाहेर दिसला, आणि मग दहा तास काही नाही. मी धार काढायला गेले होते. मुलीने झाकण उघडून अंडं बाहेर काढलं आणि नखाने कवच सोलायला सुरुवात केली. पडद्यातल्या शिरांत अजून रक्त होतं, बलक अजून पूर्ण पोटात गेलेला नव्हता. भोक पाडल्यावर पिल्लू थांबतं ते दमलेलं असतं म्हणून नाही. रक्त आणि बलक आत ओढून घ्यायचं काम चालू असतं, आणि त्याला १२ ते २४ तास सहज लागतात. तिला हे माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, पुस्तिकेत तर नव्हतंच. पिल्लू तिच्या हातात गेलं.

त्या संध्याकाळी ती प्रार्थनेला बसली, पण तोंड उघडलं नाही. शेवटी म्हणाली, "मी चौदाच मागितलं होतं."

आई म्हणाल्या, "मी पण."

एवढंच. दोघी गप्प बसल्या. माझ्याकडे एक उपदेश तयार होता, तो मी गिळला.

उरलेली अकरा अंडी नवऱ्याने आणि मी गोठ्यामागे फोडून पाहिली. किळसवाणं काम आहे, पण केल्याशिवाय कळत नाही काय चुकलं ते. बहुतेकांत पूर्ण वाढलेली पिल्लं. उशीर आणि अशक्तपणा, दोन्हींचा इशारा कमी तापमानाकडे. मग मी घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर यंत्राच्या हवेच्या भोकातून आत घातला. हा सगळ्यांना सांगण्यासारखा उपाय आहे: तापाचा थर्मामीटर नेमका ३७-३८ च्या आसपासच अचूक असायला बनवलेला असतो, त्यामुळे वेगळं काही आणावं लागत नाही. यंत्र म्हणत होतं ३७.७. थर्मामीटर म्हणाला ३७.०. तीनदा केलं. दुसरा थर्मामीटर आणून केलं.

भरवशाच्या म्हशीला टोणगा! पूर्ण ०.७ चा फरक, तेवीस दिवस, आणि माझ्यासारखी बाई रोज तो आकडा वहीत उतरवत होती.

आईंना जाऊन सांगितलं. त्यांनी 'मी म्हटलं नव्हतं का' म्हटलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. नंतर वाचताना सापडलं की इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत एकेका वेळी हजारो अंडी उबवायची रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिथले भट्टीवाले थर्मामीटर न वापरता अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. पापणीची कातडी पातळ, तिला फरक चटकन कळतो. मी हे आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "त्यांना कोणी सांगितलं?"

आता कामाचं. यंत्रात तापमान दुरुस्तीची सोय आहे, पण पुस्तिकेत ती अशा भाषेत आहे की मूळ लिहिणाऱ्यालाही समजणार नाही. आमच्या यंत्रात दोन बटणं एकदम पाच सेकंद दाबली की आकडा लुकलुकतो, मग वजा ०.७ करता येतं. खोक्यावरच्या क्रमांकावर मी फोन केला होता. पलीकडच्या माणसाने विचारलं, "अंडी बदलून पाहिलीत का?" ह्यावर काय बोलणार?

आर्द्रतेचा आकडाही तपासून घ्या. आम्ही वेगळा छोटा मापक आणला आणि मिठाची परीक्षा घेतली: बाटलीच्या झाकणभर मीठ ओलसर करायचं, पाणी होऊ द्यायचं नाही, मापकासोबत हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवायचं. आत ७५ टक्के व्हायलाच हवेत. आमचा मापक ६९ म्हणाला, म्हणजे सहा मिळवायचे. त्याच्याशी ताडून पाहिलं तर यंत्राचा आकडा बऱ्यापैकी खरा निघाला. ह्या बाबतीत यंत्रावर अन्याय नको.

पण खरा हिशेब वजनाचा, आणि तो मुलीने केला. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण बारा टक्के कमी व्हावं लागतं, छिद्रांतून पाणी उडून. कमी उडालं तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू पहिल्या श्वासालाच गुदमरतं. जास्त उडालं तर पडदा सुकतो. म्हणजे ५५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४८.४ च्या आसपास हवं. मुलगी चौदा नंबरनंतर यंत्राकडे फिरकत नव्हती. आईंनी तिच्यापुढे वही आणि दागिन्यांचा छोटा काटा ठेवला, "मला ते पुसट आकडे दिसत नाहीत, तू लिही." आईंना सुईत दोरा ओवता येतो अजून. मुलीने सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी सगळी अंडी तोलली, तक्ता केला, वजन कमी घटतंय असं दिसल्यावर एक पन्हळ कोरडी ठेवायला मला लावली. ती वही मी तपासली. एकही चूक नाही. माझ्या हाताखालच्या मंडळींना दाखवावी असं दोनदा मनात आलं.

दुसऱ्या खेपेत बाराव्या दिवशी वीज गेली, सहा तास. घाबरू नका, अंड्यांना गार होणं बरंच सोसतं. जास्त तापणं सोसत नाही, चाळिशीला टेकून राहिलं की खेळ खलास. आम्ही झाकण मिटलेलंच ठेवलं, वर गोधडी घातली, हवेची भोकं मोकळी ठेवली, आणि कोमट पाण्याच्या बाटल्या भोवती लावल्या. थर्मामीटर बराच खाली उतरला. नवरा जनित्र उसनं आणायला गेला, आई जपाला बसल्या, मी दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत होते, म्हणजे ज्याचं त्याचं कर्म ज्याने त्याने केलं. वीज आली ती नवरा जनित्र घेऊन फाटकात शिरताना. मुलगा म्हणाला, "मी मागितली होती." नवरा म्हणाला, "अरे मग सहा तास आधी मागायची ना!"

त्या खेपेत २२ पैकी २० फलित होती, निघाली १६. विसाव्या रात्री पहिली चीर, एकविसाव्या संध्याकाळपर्यंत सगळी बाहेर. ह्या वेळी कोणी झाकणाला हात लावला नाही. मुलगी तर हात पाठीमागे बांधून उभी होती. निघालेलं पिल्लू आत तसंच एक दिवस राहिलं तरी चालतं, बाहेर यायच्या आधी पोटात घेतलेल्या बलकावर ते दोनेक दिवस सहज काढतं. ओली, चिकट, मान न सावरणारी ती वस्तू तीन-चार तासांत कापसाचा गोळा होते. पंखा हे काम उत्तम करतो.

आता तक्रारी. पंखा आणि तार झाकणात असल्याने झाकण पाण्याने धुता येत नाही. पिल्लं निघाली की बारीक लव उडते आणि पंख्याच्या पात्यांत, जाळीत, सगळीकडे बसते. ओल्या फडक्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने मी पाऊण तास घासत होते. न घासता ठेवलंत तर पुढच्या खेपेला वास सांगतो. पन्हळींचे कोपरे काटकोनी केलेत, तिथे बोट जात नाही. ज्याने हे घडवलं त्याने स्वतः कधी धुतलं नसणार. एक तारा इथे गेला. आणि पिल्लं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांना त्यांचे मुके घेऊ देऊ नका. गोंडस दिसली तरी पोट बिघडवणारे जंतू त्यांच्या अंगावर असू शकतात. आमच्याकडे हा नियम पहिल्या तासाला मोडला, मोडणाऱ्या आई होत्या.

नर पिल्लांबद्दल यंत्राला दोष देता येणार नाही, पण घेणाऱ्याने आधीच विचार करावा. निम्मी नर निघणार हे गृहीत धरा. आमच्या सोळांत नऊ. सहाव्या आठवड्यापर्यंत तुरे लाल व्हायला लागले आणि आम्हाला कळून चुकलं. दहा कोंबडे चौदा-पंधरा कोंबड्यांत नांदत नाहीत, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उरत नाहीत. तीन ठेवले, वेगळ्या खुराड्यात. सहा एकाने नेले. नेऊन काय केलं ते आम्ही विचारलं नाही. मुलाने त्या रात्री सहाही जणांची नावं घेऊन प्रार्थना केली, आणि मग विचारलं, "ते आता कुठे आहेत?" आई म्हणाल्या, "देवाला ठाऊक." हे उत्तर त्या एरवी पूर्ण श्रद्धेने देतात. त्या रात्री मला ते टाळाटाळीचं वाटलं आणि बहुधा त्यांनाही, कारण लगेच उठून बाहेर गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय की नरांची सोय आधी, अंडी नंतर. तीन खेपांत जे काही शिकलो त्यातलं हे सगळ्यात महाग.

तिसरी खेप बदकांची, २८ दिवस, बारा अंडी, नऊ पिल्लं. बदकांच्या अंड्यांवर मध्यानंतर रोज थोडं पाणी शिंपडून त्यांना जरा गार होऊ द्यायचं असतं. ते मुलाने इमानेइतबारे केलं. एवढंच सांगण्यासारखं.

एक गोष्ट मात्र मी घेताना मोजलीच नव्हती. जनावरं असलेल्या घराला सुट्टी नसते. आठवड्याच्या सामुदायिक प्रार्थनेला आमच्यातलं कोणीतरी एक नेहमी मागे राहायचं, आणि अंडी हाताने फिरवायची असती तर दिवसातून निदान तीन वेळा कोणाला तरी यंत्रापाशी यावं लागलं असतं. सरकत्या जाळीने ते वाचवलं. दुसऱ्या खेपेत दोन आठवडे आम्ही पाचही जण एकत्र गेलो, संध्याकाळच्या धारेपर्यंत परत. दोन रांगा पुढे बसलेल्या एका बाईंनी वळून विचारलं, "आज सगळे कसे?" तर मुलगा म्हणाला, "यंत्र आहे घरी." त्यांनी काय अर्थ घेतला देव जाणे. जाळीसाठी अख्खा एक तारा दिलाय.

घ्यावं का? थर्मामीटरने तपासायची तयारी असेल तर घ्या. तपासायचं नसेल, लावून विसरायचं असेल, तर तुमच्याकडे खुडूक होणारी कोंबडी शोधा. आणि कोंबडी-यंत्र अशी भागीदारीही जमते. तांबडी परत खुडूक झाली आहे, आजचा अकरावा दिवस, तिच्याखाली मातीची अंडी ठेवली आहेत. खरी यंत्रात आहेत, त्यांचाही अकरावाच. एकविसाव्या रात्री, अंधारात, पिल्लं तिच्या पोटाखाली सरकवायची, सकाळी तिला वाटतं आपलीच. ही युक्ती आईंची. यंत्रावर विश्वास बसला का, असं विचारलं तर म्हणाल्या, "अर्ध्या कामापुरता." रोज सकाळी धारेनंतर त्या एक अंडं पापणीला लावून जातात. मी थर्मामीटर घालते. अजून तरी दोघींचं जमतंय.

राहिलेला अर्धा तारा बीपसाठी कापलाय. पन्हळीतलं पाणी कमी झालं की यंत्र दर दहा सेकंदांनी ओरडतं, आणि आमच्या भरण्याच्या वेळा अशा आहेत की ते नेमकं संध्याकाळी, आम्ही गप्प बसलेलो असताना होतं. आवाज कमी करायचं बटण नाही. झाकणाचे चार स्क्रू काढून आतला भोंगा कोणी तोडला असेल, आणि पंखा तरीही चालू राहिला असेल, तर कृपा करून खाली लिहा.